शपथविधीच्या मंचावर महाराज: तुमचे अनुभव सांगा

31 ऑक्टोबर 2014 ला वानखेडे स्टेडियमवर आणि 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर झालेल्या मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या शपथविधींना साधू-महंतांना निमंत्रणं होती. दोन्ही वेळा लोक चिडले. चिडणारे सगळे नास्तिक नव्हते. माझ्या घरात रोज पूजा होते, तरी मला ते खटकलं. राज्यपाल देतात ती शपथ संविधानाची, तिथे बुवा-महाराजांना मान कशासाठी? वाद घालायला हा धागा नाही. स्वतः पाहिलेलं, सोसलेलं लिहा.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारी

भूत उतरवायच्या नावाखाली एका बाईला मारहाण झाली होती. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अगदी पहिलाच गुन्हा हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. अंगावर वळ होते, साक्षीदार होते. पण तिचा नवरा तक्रार द्यायला तयार होईना. कारण विचारलं तर त्याने मठाच्या दारातल्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. फ्लेक्सवर मंत्री वाकून त्या बाबाच्या पाया पडत होते. "ताई, साहेबच पाया पडतात, तिथं आमचं कोण ऐकणार?" कायद्यात पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो, हे मी त्याला पुन्हापुन्हा सांगितलं. शेवटी बाईच्या भावाने सही केली. मंचावर हार घालणाऱ्यांना तो कार्यक्रम तासाभराचा वाटतो. तो फोटो मात्र गावात वर्षानुवर्षं टांगलेला राहतो आणि बाबाला परवान्यासारखा उपयोगी पडतो. डॉ. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला, त्यानंतर चार दिवसांत या कायद्याचा अध्यादेश निघाला. इतकी किंमत मोजून मिळालेला कायदा आहे हा.

नागरिकशास्त्र शिकवणारे सर

मंत्र्यांची शपथ वर्गात मोठ्याने वाचून घेतो. ईश्वरसाक्ष म्हणा किंवा गांभीर्यपूर्वक, दोन्ही चालतं, हे मुलांना फार आवडतं. एका मुलीने विचारलं, "मग देव न मानणाऱ्या मंत्र्याच्या शपथेलाही महाराज येतील का?" मी कलम 51अ काढलं. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. मुलगी म्हणाली, "सर, हे मंत्र्यांनाही लागू आहे ना?" आहेच.

बैठकीला जाणाऱ्या घरातली सून

आमच्याबद्दलही लिहायला हवं. सासूबाईंची दारू पिणाऱ्या भावाची चिंता बैठकीमुळे, म्हणजे अप्पासाहेब धर्माधिकारींच्या सत्संगामुळे, मिटली. म्हणून सरसकट "बाबा-बुवा" म्हटलं की त्यांना लागतं. पण 16 एप्रिल 2023 ला खारघरला अप्पासाहेबांच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या 14 जणांचा जीव गेला, तेव्हा त्याच सर्वांत जास्त रडल्या. भक्तांची गर्दी पुढाऱ्यांना हवी असते, सावली कोणाला सुचत नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून राजकीय मंच असलेल्या सत्संगाला त्या जात नाहीत.

वारकरी

आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, मग हे काय वेगळं, असं मला विचारतात. शासकीय पूजा असावी की नसावी, हा वेगळा वाद आहे. निदान तिथे मुख्यमंत्र्यांच्या शेजारी दर्शनरांगेतलं साधं वारकरी जोडपं उभं असतं. मध्ये कोणी महाराज नसतो. जानेवारी 2023 मध्ये बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्री महाराजांचं तुकोबांच्या संसाराविषयीचं विधान ऐकून आमच्या दिंडीतले म्हातारे हादरले होते. पुढे त्यांनी ते मागे घेतलं. तरीही अशांसाठी पुढाऱ्यांनी मंच सजवले, याचा राग अजून आहे.

मांडववाला

एवढंच सांगतो. एका सरकारी कार्यक्रमात पुढची रांग महाराजांच्या शिष्यांना, प्रकल्पाला जमीन दिलेले शेतकरी मागे. खुर्च्या मीच लावल्या होत्या. तोंडात घास गेला नाही त्या दिवशी.

वॉर्डातला एक

आम्ही नगरसेवकांना लेखी पत्र दिलंय: सरकारी पैशाच्या कार्यक्रमात कुठल्याच धर्माचा गुरू मंचावर नको, मौलवी, पाद्रीही नकोत. श्रोत्यांत बसावं, स्वागत आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आहे, त्याआधी पत्र पुन्हा देणार. या वेळी सह्या घेतोय, त्यात देवळातल्या पुजाऱ्यांचीही आहे.