शांग्री-ला बघायला घेतलंय, पहिल्या ३ भागांवर बोला: जंगल वाईट का वर जाऊन बसणारे वाईट?

तेरणाकाठ:
भाचीनं लावून दिलं म्हणून शांग्री-ला नावाचं जपानी अ‍ॅनिमे बघायलो. काल रात्री ३ भाग झाले आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून लिहायलो. २००९ चं आहे, गोंझो स्टुडिओचं, एकूण २४ भाग, एइची इकेगामी यांच्या कादंबरीवरून केलेलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: पुढच्या काळातलं टोकियो, दुसऱ्यांदा मोठा भूकंप होऊन गेलाय, पृथ्वी तापलीये, जगभर कार्बनवर कर बसलाय आणि कार्बनचाच बाजार चालतो. सरकार ठरवतं की टोकियो परत बांधायचं नाही, तिथं जंगल वाढू द्यायचं आणि माणसांसाठी आभाळाला टेकेल असं एक टॉवर-शहर उभं करायचं, अ‍ॅटलस. पण अ‍ॅटलसमध्ये सगळ्यांना जागा नाही. राहिलेले खाली, जंगलाच्या कडेला ड्युओमो नावाच्या वस्तीत. कुनिको नावाची पोरगी सुधारगृहातून सुटून येते आणि गोष्ट सुरू होते.

माझं पहिलं मत सांगतो. मला हे पर्यावरणाचं अ‍ॅनिमे वाटलंच नाही, मला हे पुनर्वसनाचं वाटलं. माझ्या आज्याचं गाव ९३ च्या किल्लारी भूकंपात गेलं, मी त्यानंतरचा, मी फक्त नवं गाव बघितलं. पण नव्या गावात कुणाला कुठलं घर मिळालं हे आज्या मरेपर्यंत सांगायचा: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली आणि बांधताना परत सातबारा बघितला. कुनिको मान वर करून अ‍ॅटलसकडं बघते तेव्हा मला हेच आठवलं. झाडं, कार्बन ही नावं आहेत हो, खरा प्रश्न वर कोण जाणार आणि ते कोण ठरवणार. तुम्हाला काय वाटलं, स्पष्ट बोला.

नाथसागर:
भाऊ, तुमच्या आज्याचं दुःख मला मान्य, पण अ‍ॅनिमेबद्दल तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मी पण ३ भाग बघितले आणि मला राग आला. यात जंगल म्हणजे संकट दाखवलंय, झाडं वाढायलीत म्हणून माणसं हैराण, आणि कार्बनचा कर म्हणजे सरकारचा जुलूम. आपल्याकडची पोरं हे बघून काय शिकणार? मी पैठणच्या अलीकडं ६ वर्षं झाली झाडं लावतो, उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन जगवतो, ४४ डिग्रीत कडुलिंबाच्या रोपाला बाटली लावून थेंब थेंब पाजलंय. जिथं २०१६ ला लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, तिथं बसून आपण जंगल जास्त झालं म्हणून रडणारी गोष्ट बघायची? टोकियोवाल्यांना परवडत असेल, आपल्याला नाही.

तेरणाकाठ:
दादा, जंगल वाईट असं मी कुठं म्हणलं. जंगल होऊ द्या, पण त्या जंगलाचा खर्च कुणाच्या डोक्यावर एवढंच विचारायलो. वरचे एसीत आणि सावली राखायचं काम खालच्यांचं.

फ्रेमबायफ्रेम:
मी वेगळ्याच गोष्टीवर बोलतो. संभाजीनगरला आमचा ग्रुप आहे ५-६ जणांचा, दर रविवारी नवीन काहीतरी लावतो, आणि यावर आमचं भांडण झालं. कॅरेक्टर डिझाइन रेंज मुराता यांचं आहे त्यामुळे चेहरे, कपडे, रंग एक नंबर, पडक्या इमारतींवर चढलेली झाडं थांबवून थांबवून बघावी अशी. पण लिखाण? एवढा गंभीर विषय आणि नायिका शाळेच्या सेलर ड्रेसमध्ये बूमरँग फेकून रणगाड्यांशी लढते. दुसऱ्या भागापर्यंत इतकी पात्रं येतात की कोण कुणाचं कळत नाही. उन्हात जाऊ न शकणारी मिकुनी, बाजार हलवणारी कारिन, मेटल एज नावाची बंडखोर संघटना, सगळं एकदम ओतलंय. मी सोडलं. गोष्ट सांगणाऱ्याला आधी ठरवता आलं पाहिजे की त्याला काय सांगायचंय.

आणि मोमोको. ट्रान्स बाई आहे ती, आणि पहिल्या भागात तिला बऱ्यापैकी हसण्यासाठीच वापरलंय, ते मला खटकलं.

कापूसवेचा:
मोमोकोवर मला बोलायचंय. हसण्यासारखं केलंय हे खरं, २००९ च्या मानानं पण ते टाळता आलं असतं. पण कुनिकोला वाढवलं कुणी? मोमोकोनंच ना. सुधारगृहातून सुटल्यावर घर म्हणून कुनिको जिच्याकडं बघते ती तीच. आमच्या परभणीत अशा एका बाईनं शेजारच्या पोराचं शिक्षण केलंय, लोक नावं ठेवायचे आणि अडलं की तिच्याच दारात उभे राहायचे. मला मोमोको त्या ३ भागातलं सगळ्यात खरं माणूस वाटली. तुम्ही सोडू नका राव, अजून २-३ भाग द्या त्याला.

नांदेडकर पुण्यात:
कार्बनवरून चाललंय तर थोडं सविस्तर लिहितो, माझं कामच त्या क्षेत्रात आहे. कादंबरी २००५ ची आहे हे लक्षात घ्या. हवेत सोडला जाणारा कार्बन कमी करायचा क्योटोचा करार झाला १९९७ ला, तोही जपानच्याच शहरात, आणि तो लागू झाला फेब्रुवारी २००५ मध्ये, त्याच वर्षी युरोपचा कार्बन बाजार सुरू झाला. म्हणजे लेखकाच्या डोळ्यासमोर एक नवीन बाजार जन्माला येत होता, ज्यात हवेत सोडलेल्या धुराला किंमत लागणार होती. त्यानं फक्त विचारलं की हेच पुढं ताणत नेलं तर काय. कारिन ही लहान मुलगी घरात एकटी बसून मेडुसा नावाच्या प्रोग्रामनं हा बाजार हलवते हे अतिरंजित आहे, मान्य. पण युरोपात पहिल्याच टप्प्यात धूर सोडायचे परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ पर्यंत त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली, हे खरं घडलेलं आहे. बाजार कसा बांधला त्यावर सगळं असतं.

म्हणून नाथसागर यांच्याशी मी अर्धा सहमत: कर म्हणजे जुलूम हे चूक. किंमत लावल्याशिवाय कोळसा जाळणारा थांबत नाही, आणि कोळशाचा त्रास शेवटी परळीच्या वीज केंद्राच्या राखेजवळ राहणाऱ्यालाच होतो, बंगल्यात राहणाऱ्याला नाही. पण तेरणाकाठ, तुम्ही विचारता की खर्च कुणाच्या डोक्यावर, तर असा कर पडतो तो गरिबावरच हेही सरसकट खरं नाही. जमलेला पैसा परत लोकांना वाटता येतो, तसं करणारे देश आहेत. अ‍ॅनिमेनं ही शक्यताच ठेवली नाही, निदान ३ भागात तरी, हा मला त्यातला मोठा दोष वाटला.

कापूसवेचा:
साहेब, तुमचं कागदावरचं बरोबर असेल. माझ्या बांधावरचं सांगतो. मागच्या वर्षी एक जण आला, बांधावर बांबू लावा, आंबा लावा, कार्बनचे पैसे मिळतील, इथं सही करा. ८-९ पानांचा कागद, सगळा इंग्रजीत. मी विचारलं किती वर्षं झाड तोडायचं नाही? तो म्हणला ते नंतर सांगू. पैसे किती? तेही नंतर. आमच्या वस्तीवरच्या ११ जणांनी सह्या केल्या, मी नाही केली. आता मला सांगा, माझ्या बांधावरचं झाड कुणाच्या नावावर? पोरीच्या लग्नाला ते तोडायची वेळ आली तर मी गुन्हेगार का? अ‍ॅनिमेत हे दाखवलंय की नाही मला माहीत नाही, पण ते बघताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं.

नांदेडकर पुण्यात:
सही केली नाही हे उत्तम केलं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, तो टन झाडात किती वर्षं राहणार हे लिहिल्याशिवाय त्या क्रेडिटला अर्थच नसतो. त्यामुळे मुदत कागदात कुठंतरी असणारच, आणि ती मराठीत वाचून दाखवायला तो बांधील आहे असं मी मानतो. भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ ला अधिसूचित झाली, हे सगळं आता वाढणारच आहे. त्या ११ जणांना कागदाची प्रत मागायला सांगा, आजच.

माळवद:
मी अ‍ॅनिमे वगैरे बघत नाही, लेकीनं हा धागा दाखवला आणि तिच्यासोबत पहिला भाग बघितला. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तेरणाकाठ, तू माझ्या भावाच्या पोराएवढा असशील म्हणून एकेरी बोलते. मी ९३ ला ११ वर्षांची होते. गणपती बसवून झोपलो नव्हतो, विसर्जन करून आलो होतो, सगळं गाव दमून गाढ झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती. ते सगळं एकदम खाली. दोन जिल्ह्यांत जवळपास १० हजार माणसं गेली, त्यात माझी आई आणि दोन भाऊ. म्हणून नवं गाव म्हणजे अन्याय असं कुणी म्हणलं की मला सहन होत नाही. नव्या घरात पहिल्या पावसात वीज कडाडली तेव्हा आम्ही सगळे बाहेर पळालो आणि वडील एकटे आत उभे राहिले, भिंतीला हात लावून, म्हणले ही नाही पडत. ते घर २५० फुटांचंच होतं, पण त्यानं आम्हाला झोप दिली.

आता तुझं जे खरं आहे ते पण सांगते. रस्ते सरळ, रुंद, कॉलनीसारखे, पण जुन्या गावात हाक मारली की चार घरं ऐकायची, इथं एकमेकांच्या दारात जायला चालत जावं लागायचं. गुरं बांधायला जागा नाही. चुलत्यांचं घर ७५० चं, दुसऱ्या टोकाला. जुन्या गावात आमची भिंतीला भिंत होती. तिथून येणं-जाणं कमी झालं ते झालंच. आमच्याकडं तर वरचे-खालचे आधीपासूनच होते रे, फक्त आधी ते एकाच गल्लीत राहायचे.

आणि जंगलाचं. नाथसागर भाऊंना राग आला, मला तो भाग बघून रडू आलं. पडक्या बिल्डिंगीतून झाडं वर आलेली दाखवलीत ना, आमचं जुनं गाव आज असंच आहे. वेडी बाभळ सगळीकडं. कुणी लावली नाही, माणसं गेली म्हणून आली. मी दरवर्षी ३० सप्टेंबरला जाते तेव्हा वाट शोधावी लागते, आणि आमच्या दाराच्या चौकटीचा दगड अजून दिसतो, त्याच्यावर बसते. हे अ‍ॅनिमे काढणाऱ्यांनी आमचं गाव बघितलं नसेल, पण त्यांना हे कुठून कळलं कुणास ठाऊक.

फ्रेमबायफ्रेम:
ताई, त्यांच्याकडं १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप आहे, टोकियो आणि योकोहामात लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली कितीतरी आगीत. आजही १ सप्टेंबरला तिथं भूकंपाचा सराव करतात. मी सेलर ड्रेसवर एवढं लिहिलं आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढचे भाग बघतो.

नाथसागर:
माळवद ताई, तुमचं दोनदा वाचलं. माझं मत पूर्ण बदललं नाही, झाडांना खलनायक करणारी गोष्ट मला आजही पटत नाही. पण माणसं गेली म्हणून आलेलं झाड आणि माणसानं पाणी घालून जगवलेलं झाड एक नाही, हा फरक मी करायला हवा होता. तुम्हाला एक विचारू का, वेडी बाभळ खाली दुसरं फारसं काही उगवू देत नाही. गावानं ती काढून तिथं लिंब, पिंपळ लावायचं ठरवलं तर रोपं मी आणून देतो, गाडीभाडं माझं.

माळवद:
आमच्या पोरांचं पण तेच चाललंय, जेसीबी लावून सगळं साफ करायचं म्हणतात. मी नको म्हणत होते. लिंब चालेल भाऊ, आईच्या दारात लिंबच होता. फक्त खड्डे गल्लीत घ्या. घरांच्या आत घेऊ नका.