शनिवार-रविवारची गिटार : काम कुठवर आले, काय फसले?

नोकरी-व्यवसाय सांभाळून, केवळ हौसेपोटी, घराच्या एखाद्या कोपऱ्यात गिटार घडवणाऱ्यांकडून या शनिवार-रविवारच्या कामाचे अनुभव मागवत आहे. तयार झालेल्या वाद्याचे कौतुक आपण सगळेच करतो. पण मधल्या आठ-दहा महिन्यांत काय बिघडले, कशामुळे बिघडले आणि मग काय केले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही आणि पुढचा माणूस तीच चूक तितक्याच उत्साहाने करतो. तेव्हा मोजमापे द्यावीत आणि चुका झाकू नयेत, एवढीच विनंती. सुरुवात माझ्यापासून करतो.

माझी ही दुसरी गिटार, नायलॉनच्या तारांची, ६५० मिलिमीटर स्केलची, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. शनिवारी बाजूच्या पट्ट्या वाकवायला घेतल्या. पट्टी रोझवूडची, जाडी २.२ मिलिमीटर. तापलेल्या नळीवर वरचे वळण ठीक बसले, पण कमरेपाशी, जिथे पट्टी आत वळते, तिथे ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि बाहेरच्या अंगाचे तंतू उभे राहिले. पाणी कमी पडले असे समजून मी दुसरी पट्टी तासभर भिजत घालणार होतो. सुदैवाने घातली नाही. लाकूड पाण्याने वाकत नाही, उष्णतेने वाकते. तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन तापल्यावर मऊ पडते. पाणी ती उष्णता आत पोचवते आणि पृष्ठभाग करपू देत नाही, इतकेच. फार भिजलेली पट्टी उलट रुंदीत पन्हळीसारखी होते. दुसरी पट्टी मी १.९ पर्यंत उतरवली, टाकलेला थेंब नाचत उडून जाईल इतकी नळी तापू दिली, आणि या वेळी ढकलले नाही. पट्टी टेकवून नुसता हाताचा भार ठेवला आणि ती हळूहळू डोलवत राहिलो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग अचानक हाताखालचे लाकूड ओल्या चामड्यासारखे होते आणि आपणहून बसू लागते. त्या आधी जोर लावला तर पट्टी मोडते, हे मला पहिल्या पट्टीने शिकवले होते. आता ती साच्यात क्लॅम्प लावून आवळून ठेवली आहे. उघडल्यावर किती मागे उसळते ते कळवीन.

पहिलीच गिटार, फिंगरबोर्डपाशी अडकलेली

तुमची पट्टी मोडली तेव्हा निदान आवाज तरी आला. माझी चूक चार आठवडे गप्प बसून होती.

फ्रेटच्या, म्हणजे बोटांखालच्या पाटीवर बसवायच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा आखताना मी पहिली जागा नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिथे टेकतात तिथून मोजली, दुसरी पहिल्यापासून, तिसरी दुसऱ्यापासून, आणि तसाच पुढे गेलो. गणितात काही चूक नव्हती. ६५० ला १७.८१७ ने भागले की पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो, आणि उरलेल्या लांबीला त्याच आकड्याने भागत गेले की पुढचे येतात. परंतु दर वेळी पेन्सिलीच्या रेघेपायी ०.१ मिलिमीटरची वाढ एकाच दिशेने होत गेली आणि जो बारावा फ्रेट नेमका ३२५ वर हवा होता, तो ३२६.२ वर जाऊन बसला. अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर ही चूक सहा भागांहून अधिक भरते, आणि ती कानाला लागते.

यावर वाचताना एक गोष्ट कळली. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये फ्रेटसाठी १८:१७ हे सोपे प्रमाण मांडले होते, म्हणजे १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागायचे. त्या हिशेबाने माझ्या स्केलवर बारावा फ्रेट ३२२.६ वर येईल, जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे. माझी चूक त्याच्या निम्मीच आहे, असे म्हणून मी थोडा सुखावलो होतो. पण तार दाबताना ती ताणली जाऊन स्वर मुळातच चढतो, त्यामुळे अलीकडे आलेला फ्रेट त्या चढाची थोडीफार भरपाई करतो, आणि माझा पलीकडे गेलेला फ्रेट त्यात भर घालतो. तेव्हा तेही समाधान गेले.

खाचा बुजवून नव्या पाडाव्यात असा विचार होता, परंतु नवी खाच जुनीला खेटूनच येणार आणि फ्रेटची तार तिथे घट्ट बसणार नाही. त्यामुळे या रविवारी नवी पाटी घेतली, पोलादी पट्टी एकदाच नटपाशी पक्की केली, सर्व अंतरे तिथूनच मोजली आणि पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघा ओढल्या. सुरीच्या रेघेत करवतीचे पाते आपोआप बसते, हा फायदा आधी कुणी सांगितला असता तर बरे झाले असते.

तिसरी गिटार, वरचा तक्ता

गेले तीन शनिवार मी एकाच स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या) तक्त्याशी झटत आहे. ३.२ मिलिमीटरवरून तो २.६ वर आला आहे आणि प्रश्न एवढाच आहे, की थांबायचे कधी. जाणकार म्हणतात की तक्ता कानाशी धरून टिचकी मारावी आणि नाद मोकळा झाला की हात आवरावा. पहिल्या दोन गिटारींच्या वेळी मला काहीही मोकळे झालेले ऐकू आले नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. ज्यांनी शेकडो तक्ते हाताळले आहेत त्यांच्या कानाबद्दल मला शंका नाही. पण आयुष्यात दोन तक्ते वाजवून पाहिलेल्या माणसाला हा सल्ला निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून मी मोजायला लागलो. तक्त्याची दोन टोके टेकवायची, मधोमध एक किलोचे वजन ठेवायचे आणि तो किती लवतो ते डायल गेजवर वाचून वहीत लिहायचे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २.६ वरून २.४ वर येताना, म्हणजे रंध्याचे मोजके हात फिरवताच, पाचवा हिस्सा ताठपणा निघून जातो. आतल्या आधारपट्ट्यांचे गणितही तसेच आहे. पट्टीची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, उंची निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. हे समजल्यापासून मी उंचीला पटाशी लावताना श्वास रोखून धरतो.

तरीही शनिवारी घात झालाच. पंख्यासारख्या सात पट्ट्यांपैकी चौथीचे टोक उतरवत असताना पटाशी तंतूंच्या उलट गेली, लाकूड उकलत पट्टीच्या पोटात शिरले आणि दोन इंचांची ढलपी हातात आली. ढलपी अखंड होती, म्हणून ती तशीच सरस लावून परत बसवली. दुसऱ्या दिवशी सांधा शोधूनही सापडला नाही. पट्टी लाकडाच्या नैसर्गिक फाटीला धरून चिरून घेतली असती, तर तंतू पृष्ठभागाला समांतर राहिले असते आणि हा प्रसंगच ओढवला नसता.

पाठीच्या दुर्मीळ लाकडासाठी अडून बसलेल्यांसाठी जाता जाता एक सांगतो. स्पेनचे गिटारकार अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या असलेली एक गिटार बनवली होती, वरचा तक्ता मात्र स्प्रूसचाच ठेवला होता. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तडा गेलेली दुसरी गिटार

माझा अनुभव कडू आहे, पण मागितला आहे म्हणून लिहिते. वरच्या तक्त्याला आधारपट्ट्या मी ऐन पावसाळी आठवड्यात चिकटवल्या. त्या दिवशी हवेतली आर्द्रता किती होती हे मला माहीत नाही, कारण तेव्हा माझ्याकडे हायग्रोमीटरच नव्हता. माझी खरी चूक हीच. काही महिन्यांनी कोरडी हवा सुरू झाली आणि तक्त्याचा हलका घुमट आधी सपाट झाला, मग ब्रिजच्या (तक्त्यावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे किंचित खोलगट झाला, आणि एका सकाळी ब्रिजच्या कडेपासून खालपर्यंत केसाएवढी फट दिसली.

लाकूड सुकताना तंतूंना आडवे आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. तक्त्याच्या आत आडवी चिकटवलेली पट्टी आपली लांबी सोडत नाही आणि तिच्यावरचा तक्ता मात्र रुंदीत आक्रसू पाहतो. ही ओढाताण कुठेतरी फुटणारच. आता मी ४५ ते ५० टक्के आर्द्रता असल्याशिवाय तक्ता किंवा पाठ यांना सरस लावत नाही. त्यासाठी एक जुने कपाट रिकामे केले आहे, आत लहान दिवा आणि हायग्रोमीटर ठेवला आहे, आणि चिकटवायचे तक्ते आदल्या शनिवारपासून त्यात उभे असतात. घरच्यांना वाटते की मी लाकडे उबवते.

या आठवड्यात त्या फटीत स्प्रूसचीच बारीक पाचर बसवली आणि आतून तंतू आडवे येतील अशा तीन छोट्या चकत्या चिकटवल्या. दिसते ते दिसतेच, पण तक्त्यावर टिचकी मारल्यावर येणारी फटफट थांबली.

तक्त्याशी झटणाऱ्या मित्रांना विचारायचे आहे, की तुमची लवणुकीची मोजमापे सगळी एकाच आर्द्रतेला घेतलेली आहेत का? ओलसर लाकूड अधिक लवते, त्यामुळे वहीतले आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

उत्तर, तक्त्याकडून

नाहीत. वहीत आर्द्रतेचा रकाना आजच आखला.

पोलादी तारांची गिटार, उखडलेला ब्रिज

थोडक्यात लिहितो. पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो आणि तो सगळा ब्रिजच्या बुडाशी येतो. मी आधी पॉलिश केले आणि ब्रिजची जागा नंतर खरवडली. कडेला अर्धा सेंटिमीटर पॉलिश राहून गेले, आणि सरस लाकडाला धरतो, पॉलिशला धरत नाही. तिसऱ्या आठवड्यात मागची कड इतकी उचलली गेली की कागद आत जाऊ लागला. या रविवारी ब्रिज गरम करून पातळ पात्याने सोडवला, जागा कडेपर्यंत स्वच्छ केली आणि गरम सरसाने पुन्हा बसवला. सरस साठ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि लावल्यावर तो मिनिटभरातच थिजू लागतो, म्हणून दोन्ही भाग आधी कोमट करून, सगळे क्लॅम्प नुसते कोरडे लावून रंगीत तालीम करून घ्यावी. मी ती चार वेळा केली आणि पाचव्या, खऱ्या वेळी एक क्लॅम्प मांडीवरच राहिला.

इलेक्ट्रिक, भरीव लाकडाची

इथे बहुतेक जण पोकळ गिटारवाले दिसतात, तरी लिहितो. मानेची खोबण राउटरने (फिरत्या पात्याच्या कोरणीयंत्राने) कोरत होतो, साचा दुहेरी टेपने चिकटवला होता आणि टेप लाकडाच्या भुशावर लावली होती. साचा सरकला, खोबण एका बाजूने एक मिलिमीटर रुंद झाली. त्याच लाकडाची चीप भरून पुन्हा कोरली. स्क्रू न लावता, नुसती मान धरून आख्खी गिटार उचलता आली, तेव्हा समाधान झाले.

लाखेचे पॉलिश, चौथा आठवडा

बोळ्याने लाख चढवण्याचे काम संयमाचे आहे असे सगळे सांगतात. ते सोडून द्यायचे काम आहे हे सांगत नाहीत. लोकरीचा गोळा सुती कापडात बांधून केलेला बोळा, त्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (शुद्ध केलेली लाख), वर तेलाचा एक थेंब, आणि मग गोल, आठाच्या आकड्यासारखे, शेवटी सरळ हात. बोळ्यामागे क्षणभर धूसर वाफ दिसून विरते, तोवर सगळे नीट चालले आहे असे समजावे. मी शनिवारी ‘अजून एक थर’ म्हणून त्याच जागी परत परत गेलो, खालचा थर मऊ झाला, बोळा चिकटला आणि खालच्या रुंद भागावर कापडाच्या विणीचा ठसा उमटला. भरून काढण्याच्या नादात तो तळहाताएवढा केला. आता आठवडाभर ती गिटार कपाटावर आहे. पक्के वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरने सपाट करून पुन्हा सुरुवात करीन.

विरघळवलेला चपडा जुना असेल तर आधी काचेवर थेंब टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशी नख उमटत असेल तर तो कितीही दिवस ठेवला तरी कडक होत नाही, फेकून द्यावा.

पहिल्यांदा तारा चढवल्या

चौदा महिन्यांनंतर रविवारी संध्याकाळी तारा चढवल्या. नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस सतत उतरत राहतात, हे ठाऊक असूनही मी दर दहा मिनिटांनी काहीतरी तुटले का ते पाहत होतो. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची जाड तारेला ४ आणि बारीक तारेला ३ मिलिमीटर ठेवली आहे. पाचव्या तारेवर सहाव्या फ्रेटला दाबले की बारीक झणझण येते. तंबोऱ्याला जी जवारी आपण मुद्दाम घासून आणतो, तीच इथे दोष ठरते. छोटी पोलादी पट्टी लागोपाठच्या तीन फ्रेटांवर ठेवून डुगडुगते का ते पाहत गेलो, तेव्हा सातवा फ्रेट उचललेला सापडला. सहावा दाबला की तार पुढच्याच सातव्याला घासत होती. हातोडीने हलकेच बसवला, तो पुन्हा वर आला. खाचेत सरसाचा थेंब सोडून रात्रभर दाबून ठेवला आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी पाचव्या तारेवरचा तो एक स्वर टाळून वाजवले. अर्ध्या तासाने शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, की तू मध्येच थांबतोस का.

पुन्हा पहिल्यापासून

साचा आज उघडला. पट्टी कमरेपाशी चार मिलिमीटरने मागे उसळली होती. नळीवर दोनदा टेकवून ती दुरुस्त केली, आता साच्यात हलक्या दाबाने बसते. मोडलेली पट्टी टाकून दिलेली नाही. तिच्या सरळ भागातून, वर लिहिलेल्या मित्राच्या उखडलेल्या ब्रिजचा धसका घेऊन, ब्रिजच्या खाली बसवायची पातळ पाटी काढणार होतो, पण तंतूंची दिशा तिथे चालणार नाही असे दिसते. कुणी रोझवूडचीच केली असल्यास जाडी कळवावी.