नवीन मॉडेलची पहिल्या लॉटमधली गाडी घ्यावी का? (पाटण भाग, रोजचं रनिंग)

पाटणखोरे

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. रोजचं रनिंग 60-70 किलोमीटर, त्यातलं निम्मं मोरणा खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर. गाय विताना अडली की रात्री दोनलाही निघावं लागतं. सध्याची 125 सीसी गाडी 2013 ची आहे, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत आणि आता धूर मारायला लागलीय. मिस्त्रींनी इंजिनकामाचा 14 हजारांचा अंदाज दिलाय.

कराडच्या एका शोरूमला गेल्या महिन्यात आलेलं नवं मॉडेल बघितलं. इंजिन नवीन, मीटर डिजिटल, सीट ऐसपैस. चालवून बघितली आणि मनात भरली. सेल्समन म्हणतो, पहिल्या लॉटमधल्या दोनच शिल्लक आहेत, पुढच्या महिन्यात किंमत वाढणार. घरचे म्हणतात घेऊन टाका. मिस्त्री म्हणतात वर्षभर थांबा, पण का थांबायचं ते नीट सांगत नाहीत. कुणी नवीन मॉडेल असं पहिल्याच झटक्यात घेतलंय का? अनुभव हवाय.

सांगलीकर_350

मी घेतलीय, दोन वर्षं झाली, तक्रार नाही. पहिल्या लॉटला किमतीचा फायदा असतो हे खरं आहे. जुलै 2023 मध्ये हार्ले-डेव्हिडसनची एक्स440 आली तेव्हा सुरुवात 2 लाख 29 हजारांपासून होती, पुढच्याच महिन्यात 10,500 रुपयांनी वाढली. ट्रायम्फ स्पीड 400 पहिल्या 10 हजार ग्राहकांना 2 लाख 23 हजारांना होती, बाकीच्यांना 2 लाख 33 हजारांना. शिवाय नवीन मॉडेलच्या गिऱ्हाइकाकडे शोरूमवाले जरा जास्त लक्ष देतात. मन बसलंय तर घ्या. माझं रनिंग मात्र विश्रामबाग ते मिरज, तेही सरळ डांबरी रस्त्यावर. हे लक्षात घेऊन वाचा.

शाहूपुरीचा_मास्तर

डॉक्टर, तुम्ही रात्री दोनचा फोन लिहिलात म्हणून सविस्तर लिहितोय.

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहतो, केळघरच्या बाजूला शाळेवर आहे. येऊन-जाऊन सत्तरच्या आसपास पडतं. 2022 च्या गुढीपाडव्याला एक अगदी नवी निघालेली गाडी घेतली. इंजिन नवं, चासी नवी, सगळंच नवं. आमच्या शोरूममधून बाहेर पडलेली ती चौथी का पाचवी गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं.

एप्रिल-मे उत्तम चालली. 500 किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग झाली, ॲव्हरेज चांगलं, कुठे आवाज नाही. मीच चार जणांना सांगितलं की डोळे झाकून घ्या, आणि आमच्या शाळेतल्या एका शिक्षकानं घेतलीही. मग पाऊस लागला.

कण्हेरच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, सगळा तांबडा चिखल. चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या स्पीडला गाडी एकदम बंद. खोकली नाही, झटके दिले नाहीत, चावी काढल्यासारखी गप्प झाली. मागे एसटी होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि ती माझ्या उजव्या आरशाला वारा लावून पुढे गेली. मी कडेला घेतली, न्यूट्रल केली, स्टार्टर दाबला, तर लगेच चालू. शाळेपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी परत दोनदा तेच.

सर्व्हिस सेंटरला नेली. पहिल्यांदा म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल. टाकी उतरवून साफ केली आणि हे वॉरंटीत बसत नाही म्हणून 650 रुपये घेतले. दुसऱ्यांदा प्लग बदलला. तिसऱ्यांदा लॅपटॉप जोडला, एकही एरर नाही. मग फ्युएल पंप बदलून बघू म्हणाले. मॉडेल नवीन, पंप डेपोतही नाही, कारखान्यातून यायचा. 19 दिवस गाडी तिथे उभी आणि हप्ता चालू. मी रोज साताऱ्याच्या स्टँडवरून मेढा एसटी पकडत होतो. पंप आला, बसवला, गाडी घेऊन निघालो आणि कोंडव्याच्या अलीकडेच बंद पडली. त्या दिवशी पावसात उभा राहून मला अक्षरशः रडू आलं.

गोडोलीत एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी हे मॉडेल त्याआधी उघडलेलं नव्हतं, त्यांच्याकडे स्कॅनरही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘न्यूट्रलला असताना कधी बंद पडली का?’ मी आठवून बघितलं. कधीच नाही. त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, चालू केली, पहिला गिअर टाकला. मागचं चाक अधांतरी फिरायला लागलं. मग खाली बसून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं साइड स्टँडच्या बोल्टापाशी असलेला छोटा काळा स्विच जरासा हलवला. इंजिन बंद.

साइड स्टँड खाली राहिलं आणि गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावं म्हणून तो स्विच असतो. सोय चांगलीच आहे, स्टँड काढायचं विसरून वळणावर पडलेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. पण या गाडीत तो नेमका पुढच्या चाकाचा चिखल येऊन आपटतो तिथे बसवला होता आणि वर काहीही झाकण नव्हतं. मिस्त्रींनी खोलून तळहातावर ठेवला. पट्टी आणि बटण यांच्या फटीत तांबडी माती दाबून बसून विटेसारखी कडक झालेली. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवा गंज. खड्ड्यात गाडी आदळली की बटण हलायचं आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटायचं की स्टँड खाली आहे. एरर कुठून येणार? त्याच्या हिशेबानं स्टँड खरंच खाली होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी प्रत्येक वेळी धुऊन, कोरडी करून, न्यूट्रलला उभी करून तपासली गेली. तिथे ती बंद पडणारच नव्हती.

स्विच वॉरंटीत बदलून मिळाला. पण मला लागलं ते त्यानंतरचं. पार्ट्सच्या काउंटरवर मी नवीन स्विच आणि माझा जुना शेजारी शेजारी ठेवले. नंबर तोच, फक्त शेवटचं अक्षर ‘ए’ होतं त्याचं ‘बी’ झालेलं. नव्यावर जाड रबरी टोपी आणि वायरला खालून वळसा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून कनेक्टरमध्ये शिरू नये. दोष कंपनीला कळला होता, तो सुधारलाही होता आणि नंतरच्या लॉटच्या गाड्यांना सुधारलेला स्विच बसूनच येत होता. पाडव्याला घेतलेल्या आम्हा लोकांना मात्र कुणी एक फोन केला नाही. ज्या शिक्षकाला मी घ्यायला लावली होती त्याला त्याच संध्याकाळी मी कळवलं. त्याची मुलगी रोज त्याच्या मागे बसून शाळेला येते.

कंपन्या न तपासता गाडी बाजारात आणतात असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असल्याशिवाय गाडी विकताच येत नाही. पण तिथे धूर, ब्रेक, आवाज, दिवे नियमात बसतात का ते बघतात. मोरणा खोऱ्यातल्या चिखलात ती दोन महिने कशी वागेल हे त्या कागदावरून कळत नाही. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीतल्या गाड्याही मोजक्या आणि निगुतीनं जुळवलेल्या. लाइनवर रोज शेकड्यांनी निघायला लागल्या, पार्ट वेगवेगळ्या पुरवठादारांकडून यायला लागले की जे दिसलं नव्हतं ते दिसायला लागतं. ते पहिल्यांदा दिसतं पहिल्या गिऱ्हाइकांना.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक 350 1 सप्टेंबर 2021 ला आली. इंजिन त्यांच्याच मीटिऑर 350 मध्ये आधीच चाललेलं. तरी डिसेंबरात 26,300 गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मागच्या ड्रम ब्रेकचा भार घेणारं, स्विंग आर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) ब्रॅकेट खराब होऊ शकत होतं. त्यांनी जाहीर करून परत बोलवलं, हे मी त्यांच्या बाजूनं धरतो. माझ्या गाडीच्या बाबतीत तेवढंही झालं नाही.

म्हणून माझं मत: आपल्या भागात नवीन मॉडेलचा एक पावसाळा जाऊ द्या. महिने मोजू नका, पावसाळा मोजा. ऑक्टोबर ते मे या काळात गाडीची परीक्षा होतच नाही. तुमच्या गाडीवर मुक्या जनावराचा जीव अवलंबून आहे, तुम्ही अर्ध्या वाटेत उभे राहून चालणार नाही.

किमतीचं म्हणाल तर सांगलीकर सांगतात ते खरं आहे, पण उलटंही होतं. 22 सप्टेंबर 2025 ला 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. आदल्या महिन्यात घाई करून घेतलेल्यांना त्याचा काय उपयोग? दहा हजार वाचवायचे म्हणून 19 दिवस गाडीविना काढायचे हा हिशेब तुमच्या नोकरीला परवडणारा नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर सेल्सच्या टेबलावर बसू नका, मागे पार्ट्सच्या काउंटरला जा. क्लच केबल, ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, इंडिकेटर, हेडलाइटचा सेट आज स्टॉकमध्ये आहे का विचारा. गाडी एकदा घसरली की हेच मोडतं, आणि नवीन मॉडेलचं हे बाहेरच्या दुकानात मिळत नाही. मग सर्व्हिसच्या पोरांना विचारा की या मॉडेलची दुसरी सर्व्हिसिंग झालेल्या किती गाड्या येऊन गेल्या. एकही नसेल तर पहिली तुमचीच असणार.

कृष्णाकाठ_मिरज

मास्तरांच्या लिहिण्यात थोडी भर. मी ग्राहक तक्रारींचं काम करतो. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहितं त्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘चालत्या गाडीत चौथ्या गिअरला इंजिन बंद पडलं’ असं आपल्या शब्दांत लिहायला लावा, तारीख आणि किलोमीटर टाकून घ्या, प्रत जपून ठेवा. एकाच दोषाची तीन जॉब कार्डं हा फार मोठा पुरावा असतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत 2 वर्षांची, ती चुकवू नका. शिवाय 1 एप्रिल 2021 पासून मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याची तरतूद लागू आहे. 7 वर्षांच्या आतल्या गाडीसाठी वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एकट्याच्या तक्रारीनं कंपनी हलत नाही, म्हणून ज्याला ज्याला त्रास झालाय त्यानं नोंदवावी.

पाटणखोरे

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं वाचून काल कराडला परत गेलो आणि थेट पार्ट्सच्या काउंटरला उभा राहिलो. क्लच केबल नाही, ब्रेक लिव्हर नाही, हेडलाइटला ‘ऑर्डर टाकली की आठ-दहा दिवस’. दुसरी सर्व्हिसिंग झालेली एकही गाडी अजून आलेली नाही. बुकिंग केलं नाही. खाली वाकून साइड स्टँडचा स्विचही बघितला. तो उघडाच आहे.

पण आता पुढे काय? जुन्या गाडीत 14 हजार घालू का? की त्याच कंपनीचं चार-पाच वर्षं चाललेलं मॉडेल घेऊ, ज्याला यंदा फक्त नवीन रंग आणि एलईडी आलीय?

शाहूपुरीचा_मास्तर

इंजिन आणि चासी तीच असेल तर ते मॉडेल खुशाल घ्या. त्याचे पार्ट पाटणच्या दुकानातही मिळतील, आणि रात्री अडलात तर कुठल्याही गावचा मिस्त्री ते उघडू शकतो. फक्त नवीन एलईडीच्या आत वाफ धरते का, ते एकदा धुतलेल्या गाडीवर बघून घ्या.

ती नको असेल तर जुनीचं काम करा, पण आता लगेच. पिस्टन-बोअरबरोबर चेन-स्प्रॉकेट, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि मागचा टायर त्याच वेळी उरकून घ्या म्हणजे गाडी एकदाच दोन दिवस उभी राहील. तेवढे दोन दिवस कुणाची तरी गाडी मागून ठेवा. आणि साइड स्टँडचं म्हणाल तर तुमच्या 2013 च्या गाडीला बहुतेक तो स्विचच नसेल. निघताना पायानं एकदा चाचपत जा.