पहिली आरसी (रेडिओ कंट्रोल) टूरिंग कार: सामान काय काय घ्यायचं? (कोल्हापुरातल्या एका सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

वैनी, ए-३०२: नमस्कार सगळ्यांना. लेकाची दहावीची परीक्षा संपली. त्याला रिमोटची गाडी पाहिजे, पण खेळण्यातली नव्हे, रेसिंगवाली. इलेक्ट्रिक टूरिंग कार म्हणतोय. ऑनलाइन बरंच काय काय निवडून ठेवलंय त्यानं, ब्रशलेस मोटर, कार्बनची चासी, मला त्यातलं काही कळत नाही. ह्यांनी वीस हजार सांगितलेत, वर एक रुपया नाही. बी-१०४ चे भावजी अशा गाड्या चालवतात ना? जरा बघून सांगा.

सी-४०५: ब्रशलेसच घे म्हणावं. साठच्या स्पीडनं पळते, नाद खुळा 🔥

मावशी, बी-४०३: महाद्वार रोडला दीड हजारात मिळते की रिमोटची गाडी. एवढे पैसे कशाला?

दादा, बी-१०४: वैनी, दुकानातनं आत्ताच आलो. सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खरेदीत पैसे कुठं घालायचे हे नीट ठरलं तर पोरगं चार-पाच वर्षं या नादात टिकतं. नाहीतर महिनाभरात गाडी कपाटावर.

मावशींचं आधी. दीड हजाराच्या गाडीत स्टिअरिंग म्हणजे एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. अधलंमधलं काही नाही. रेसिंगच्या गाडीत बोट जेवढं हलेल तेवढंच चाक वळतं आणि तेवढाच वेग येतो. दुसरं म्हणजे ती खेळण्यातली गाडी मोडली की कचऱ्यात जाते. हिचा एक आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटला तर तेवढाच आर्म मागवायचा. म्हणून पहिला प्रश्न गाडी किती पळते हा नाही. तिचे पार्ट मिळतात का, हा आहे.

टूरिंग कार म्हणजे एक दशांश मापाची, साधारण १९० मिमी रुंद, चारही चाकांना ताकद जाणारी, डांबरावर किंवा काँक्रीटवर पळणारी गाडी. वरची बॉडी खऱ्या सेडानसारखी दिसते. तामिया या जपानी कंपनीनं १९९१ मध्ये टीए-०१ काढली, तिथनं हा प्रकार लोकांच्या हातात आला. नवख्यासाठी माझं मत सरळ आहे, त्याच कंपनीची टीटी-०२. २०१३ पासून बाजारात आहे, म्हणून जगभर तिचे पार्ट पडलेत. चाकांना ताकद पोचवायला पट्ट्याऐवजी मधून शाफ्ट (दांडा) जातो आणि गिअर बंद पेटीत असतात, त्यामुळं आपल्याकडची बारीक खडी आत जाऊन दात खात नाही. कार्बनची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, त्याच्या यादीतनं काढा. कार्बनला कडकपणा आहे, पण तो कळायला आधी हात तयार व्हावा लागतो. टीटी-०२ चा प्लास्टिकचा टब, म्हणजे खोलगट चासी, धडकेत थोडा वाकतो आणि परत जागेवर येतो. पहिले सहा महिने धडकाच जास्त.

वैनी, ए-३०२: ती किट म्हणजे आपण जोडायची असते ना? की तयार घ्यावी?

दादा, बी-१०४: जोडायची. तयार गाडी घेतली तर पहिल्या दिवशी पळेल, पण बिघडली की पोरगं तिच्याकडं बघत बसेल. स्वतः डिफरेन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) जोडलेल्या पोराला आवाजावरनं कळतं कुठं काय सैल झालंय. सुट्टी आहेच, चार संध्याकाळी लागतील. मी येतो बसायला.

आजोबा, सी-२०१: हे मात्र अगदी बरोबर. मुलाने हाताने जोडावे. किटमध्ये बेअरिंग असतात की बुश?

दादा, बी-१०४: आजोबा, साध्या किटमध्ये बहुतेक जागी प्लास्टिकचे बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या साध्या कड्या, येतात. त्यांच्या जागी बेअरिंग घालायचे. पहिला खर्च तिथंच करायचा आणि गाडी जोडतानाच करायचा, नंतर सगळं परत उघडावं लागतं. बुशात धूळ गेली की शाफ्ट झिजतो, मोटर गरम होते, बॅटरी लवकर उतरते. बेअरिंगचं माप: बाहेरचा व्यास ११, आतला ५, जाडी ४ मिमी.

आजोबा, सी-२०१: म्हणजे एमआर ११५. त्या मापाला ऑनलाइन हौशी लोकांचा भाव देऊ नका. उद्यमनगरात किंवा लक्ष्मीपुरीत बेअरिंगवाल्याकडे त्याच नंबरने विचारा. दोन्ही बाजूंना शील्ड, म्हणजे धूळ अडवणारे झाकण, असलेले मागा. नसले तर मागवून देतात.

सी-४०५: पण दादा ब्रशलेस का नको? सगळे तेच सांगतात की.

दादा, बी-१०४: भावा, ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर, वाईट नाही. माझ्या गाडीत तीच आहे. पण किटमध्ये येते ती ५४० साइझची ब्रशवाली मोटर टीटी-०२ ला साधारण २५ ते ३० किमी वेग देते. ऐकायला कमी वाटतं. आपल्या मागच्या गेटपासून जनरेटरपर्यंतचं अंतर बघ, मग ३० मध्ये ती किती वेळात भिंतीपाशी येते ते डोळ्यांसमोर आण.

वळणात गाडी सावरायची सवय वेगाच्या खालच्या टोकाला लागते. कुठं बोट सोडायचं, कुठं परत द्यायचं, मागचं टोक निसटायला लागलं की काय करायचं, हे ३० च्या आत शिकता येतं. साठला फक्त भिंत शिकता येते. शिवाय वेग वाढला की एकटी मोटर वाढवून भागत नाही. टायर, गिअर, बॅटरी, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) सगळंच वाढवत न्यावं लागतं. वीस हजार तिथंच संपतात.

मोटरवर टर्न लिहिलेले असतात, म्हणजे तारेचे वेढे. वेढे कमी तेवढा वेग जास्त आणि करंटही जास्त. साधी मोटर २७ च्या आसपास असते. पुढं ब्रशलेसवर जायचंच झालं तर सेन्सरवाली २१.५ किंवा १७.५ घ्यावी, हळू निघताना ती झटके देत नाही.

वैनी, ए-३०२: मग पैसे जास्त कशावर घालायचे?

दादा, बी-१०४: रेडिओवर आणि चार्जरवर. मी सगळ्यांना हेच सांगतो. गाडी बदलते, मोटर बदलते, बॅटरी तर दोन-तीन वर्षांत बदलावीच लागते. ट्रान्समीटर आणि चार्जर मात्र दहा वर्षंही राहतात. दुसरी गाडी घेतली तरी तेच चालतात.

ट्रान्समीटर पिस्तुलाच्या आकाराचा घ्या, एका हाताचं बोट ट्रिगरवर आणि दुसरा हात चाकावर. २.४ गिगाहर्ट्झचाच. जुने २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलवाले स्वस्तात कुणी देत असेल तर नको, दोन गाड्या एका क्रिस्टलवर आल्या की एकमेकींचं ऐकायला लागतात. फीचर लांबलचक लिहिलेले असतात, त्यातले तीन बघा. स्टिअरिंगचा एंड पॉइंट, म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वळेल ती हद्द, बदलता येतो का, एकाहून जास्त गाड्यांची सेटिंग मेमरीत राहते का, आणि फेलसेफ आहे का. फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप न्यूट्रलला येते. तो घरी चाकं वर उचलून, ट्रान्समीटर बंद करून तपासायचा. मगच खाली उतरवायची.

रोजची सवयही एकच लावा त्याला. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. उलटं केलं तर गाडी कुणाच्या ताब्यात नसते.

ताई, ए-१०१: मला हेच विचारायचं होतं. पार्किंगमध्ये माझी लेक तीनचाकी चालवते संध्याकाळी. कुणाच्या पायात आली तर?

सेक्रेटरी काका: संध्याकाळी पार्किंगमध्ये परवानगी नाही. ते मी आधीच सांगून ठेवतो.

दादा, बी-१०४: काका बरोबर बोलले. ताई, दीड किलोची गाडी ३० च्या वेगानं घोट्याला लागली तर इजा होते. लहान पोरं असताना अजिबात नाही. आणि खरं तर आपलं पार्किंग या गाडीला चांगलंही नाही. खाली पेव्हर ब्लॉक आहेत. टूरिंग कारचं पोट जमिनीपासून पाच-दहा मिमीवर असतं, फटीत पुढचा बंपर अडकतो. तपोवन, गांधी मैदान ही मातीची मैदानं, तिथंही नाही. डांबर किंवा गुळगुळीत काँक्रीट लागतं. आमच्या शेडसमोरचा कोबा सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो, सकाळी तिथं घेऊन जाईन मी. मोहितेंचा गो-कार्टचा ट्रॅक आपल्याकडंच आहे, तो बघून पोरांना असंच वाटतं की गाडी म्हणजे वेग. तिथं एकदा नुसतं बसून बघायला सांगा त्याला, चांगला ड्रायव्हर वळणाच्या आधी केवढा हळू होतो ते.

सेक्रेटरी काका: बॅटरीचं काय? लिथियम आहे ना? मागं स्कूटरच्या चार्जिंगवरनं मीटिंगमध्ये किती वाद झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

दादा, बी-१०४: काका, तुमची काळजी रास्त आहे. दोन रस्ते आहेत. एक एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड), ७.२ व्होल्ट. जड आहे, पण सोशिक. दुसरी लायपो (लिथियम पॉलिमर), टू-एस म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्ट. हलकी, ताकदीची, पण नियम पाळायलाच लागतात.

वैनी, घरात चार्जिंगवर लक्ष ठेवायला मोठं माणूस नसेल तर पहिलं वर्ष एनआयएमएचच घ्या. ३००० एमएएचची पंधरा-वीस मिनिटं आरामात पळते. दोन घेतल्या की सकाळ निघते. हा कमीपणा नाही, मी कितीतरी पोरांना यावरच तयार केलंय.

लायपो घ्यायचीच असेल तर हे पाठ करून घ्या. कडक प्लास्टिकच्या पेटीतली, म्हणजे हार्डकेस. चार्जर बॅलन्स चार्जिंगचा, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा, जुना एनआयएमएचचा चार्जर कधीच नाही. चार्ज १सी नं, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, तासाभरात होते. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पॅक ८.४. चालवताना सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आठवडाभर वापरणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची, चार्जरमध्ये स्टोरेज म्हणून सोय असते. फुगली तर परत चार्जिंगला लावायची नाही. आणि चार्जिंग फरशीवर, लायपोच्या पिशवीत, समोर माणूस बसलेला असताना. रात्री लावून झोपायचं नाही.

सेक्रेटरी काका: शेवटचं वाक्य सगळ्यांसाठी पिन करतो.

वैनी, ए-३०२: एनआयएमएच ठरलं भावजी. ह्यांनाही पटलं. अजून ते ईएससी का काय लिहिलंय त्यानं, आणि सर्वो.

दादा, बी-१०४: ईएससी म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा. टीटी-०२ च्या काही किटमध्ये तो येतो, काहींत नाही, म्हणून बॉक्सवरचं नीट वाचा. येत असेल तर तोच वापरा. येत नसेल तर हॉबीविंगचा क्विकरन १०६०, ब्रशवाल्या मोटरसाठी पुरून उरतो. त्यावर छोटा जंपर असतो, लायपो की एनआयएमएच ते त्यानं ठरतं. पुढं लायपोवर गेलात तर तो जंपर बदलल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. किटसोबतचा ईएससी असेल तर त्यात लायपोची कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवायची सोय, आहे का ते तेव्हा बघावं लागेल.

सर्वो स्टँडर्ड साइझचा, मेटल गिअरचा, सहा ते नऊ किलो ताकदीचा. इथं फार स्वस्तात जाऊ नका, धडकेत पहिले दात त्याचेच जातात. सर्वो सेव्हर, म्हणजे धडकेचा झटका सर्वोपर्यंत न जाऊ देणारा पार्ट, किटमध्ये असतो, तो बसवायचाच.

टायर, बॉडी, रंग यांवर आत्ता डोकं नको. किटमधले टायर चालतात. बॉडी पॉलिकार्बोनेटची पारदर्शक येते, रंग आतनं मारायचा आणि तो पॉलिकार्बोनेटचाच लागतो. साधा स्प्रे मारला तर पहिल्या धडकेत पापुद्रे निघतात.

सी-४०५: दादा, मलाही यायचंय त्या सकाळी.

दादा, बी-१०४: ये की. मार्शल लागतात आम्हाला, उलटलेली गाडी सरळ करायला.

आजोबा, सी-२०१: हत्यारे घरात आहेत का? माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हरचा संच आहे, देतो.

दादा, बी-१०४: आजोबा, यात एक बारीक गोष्ट आहे. जपानी किटमधले स्क्रू जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे, असतात. दिसायला आपल्या फिलिप्ससारखेच, पण खाचेचा आकार वेगळा. साध्या फिलिप्सनं जोर लावला की डोकं घासून जातं.

आजोबा, सी-२०१: मग तर आहेच. जपानी मशीनवर होतो मी. जेआयएसचे दोन नंबर ड्रायव्हर जपून ठेवलेत. मुलाला वर पाठवून द्या, कसा दाब द्यायचा तेही दाखवतो. प्लास्टिकमध्ये स्क्रू शेवटचा अर्धा फेरा बोटाने जाणवून थांबवायचा असतो.

दादा, बी-१०४: आणि वैनी, थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव, फक्त धातूत धातू जातो तिथं. मोटरचे स्क्रू, पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, बस. प्लास्टिकला लागलं तर ते तडकतं.

वैनी, ए-३०२: त्यानं सगळं वाचलं. कार्बन आणि ब्रशलेस यादीतनं काढलं, बेअरिंग आणि चांगला रेडिओ टाकला. शनिवारी लक्ष्मीपुरीत बेअरिंग बघायला जातोय दोघं.

दादा, बी-१०४: छान. ट्रान्समीटरचे पेन्सिल सेल बॉक्समध्ये येत नाहीत. मॉडेल बघून चार का सहा ते आत्ताच आणून ठेवा.