सर्वांचे स्वागत म्हणता, मग दारातल्या तीन पायऱ्यांचे काय? (ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वांना जागा कशी मिळेल, यावर टोपणनावांनी झालेली चर्चा)

उंबरा

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या जुन्या देवळांना, म्हणजे चर्चच्या इमारतींना, दारात बहुधा निदान तीन पायऱ्या असतात. वस्तीतली मंडळी सर्वांची असावी असे खरेच वाटत असेल, तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीत पहिला खर्च पायऱ्यांवर मंजूर व्हावा. रंगरंगोटी, नवे स्पीकर, नाताळची रोषणाई, सगळे त्यानंतर.

हिशेब असा. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार लागतो, म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा हवा. गवंड्याला नुसते 'रॅम्प कर' म्हटले की तो सहा-सात फुटांत उरकतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल चढवायचा उतार असतो. तेवढ्या चढावर ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. अंगण लहान असेल तर नऊ-नऊ फुटांचे दोन टप्पे करा, मध्ये वळायला पाच बाय पाच फूट सपाट जागा सोडा. वर दाराशीही तेवढीच जागा हवी. दार बाहेर उघडणारे असेल तर खुर्ची मागे घेतल्याशिवाय ते उघडतच नाही, आणि मागे तर उतार असतो. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण लकवा झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. पॉलिश ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात त्यावर पाय ठरत नाही. रेघा ओढलेले काँक्रीट पुरते.

आणि हे सगळे मुख्य दाराला. वेस्ट्रीच्या, म्हणजे पाद्रींच्या खोलीच्या, मागच्या दाराने आत घेणे म्हणजे स्वागत नव्हे.

जुना पंच

उंबरा, मोजमाप मान्य, क्रम मान्य नाही. शंभर-सव्वाशे वर्षांच्या दगडी जोत्याला सिमेंटचा रॅम्प चिकटवला की ओल आत कोंडते. चुन्याच्या दरजा फुगतात आणि चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. इमारत वारसा यादीत असेल तर परवानगी वेगळी, आणि जागा ट्रस्टच्या नावावर असेल तर तिथला ठराव वेगळा.

पण माझा मूळ आक्षेप दुसराच आहे. माणसे पायऱ्यांवर अडत नाहीत, सभासदांच्या रजिस्टरवर अडतात. जालना-परभणीकडून कामाला आलेले कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते, दर रविवारी उपासनेला येते. गावच्या मंडळीचे सभासदत्वाच्या बदलीचे पत्र आलेले नसते म्हणून ते वर्षानुवर्षे 'पाहुणे'च राहते. मत नाही, पंचकमिटीत जागा नाही, आणि घरात मयत झाली की कबरस्तानाच्या जागेवरून पहिला प्रश्न तोच: सभासद आहात का? वर्गणी थकली की तेच. रोजंदारीवाल्याला ठरलेली मासिक वर्गणी जड जाते, तो लाजेने यायचाच थांबतो. नियम बदलायला सिमेंट लागत नाही. पत्रासाठी मंडळीने स्वतः गावच्या पाळकांना (पाद्रींना) लिहावे, तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर दोन सभासदांच्या साक्षीवर नाव घ्यावे, आणि वर्गणीचा किमान आकडा काढून टाकावा.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा सहा चर्चसंस्था एकत्र आल्या. कोणी बालकांचा बाप्तिस्मा मानणारे, कोणी जाणत्या वयाचाच मानणारे. शेवटी दोन्ही पद्धती मान्य झाल्या. एवढा मोठा फरक ज्यांनी पोटात घेतला, त्यांच्या वारसांना एक पत्र अडवते याचे मला मनापासून वाईट वाटते.

चूल

रजिस्टरही नको आणि रॅम्पही नको असे नाही. पण वस्तीशी नाते जुळते ते जेवणावर. या प्रांताला ते नवे नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला आणि त्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातबहिष्काराच्या खटल्याला, तोंड द्यावे लागले. एका कपाला एवढे वजन होते. म्हणून महिन्यातून एकदा उपासनेनंतर सहभोजन हवे, शेजारच्या बौद्ध, हिंदू, मुसलमान कुटुंबांसह.

ऐंशी माणसांना आठ किलो तांदूळ, तीन किलो तूरडाळ, सात-आठ किलो भाजी. आठ किलो तांदूळ एका पातेल्यात टाकू नका. खाली करपतो, मध्ये कणी राहते. चार-चार किलोचे दोन घाणे करा आणि दुसरा पहिल्यानंतर वीस मिनिटांनी चढवा, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही गरम भात मिळतो. सामिष करायचे तर मटण हलाल दुकानातूनच घ्या, आणि शाकाहारी जेवणाची चूल, पळी, वाढपी सगळे वेगळे ठेवा. पळी एकदा चुकीच्या पातेल्यात गेली की शेजारी पुढच्या महिन्यात येत नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत.

जेवणाला प्रार्थनासभा जोडू नका, पत्रके वाटू नका. प्रलोभनाचा आरोप व्हायला तेवढे निमित्त पुरते, आणि पाहुण्यालाही आपल्याला काहीतरी विकले जातेय असे वाटते.

जुना पंच

चूलताई, जेवण चांगलेच. पण रांधते कोण? महिला मंडळातल्या त्याच चार-पाच जणी. उपदेश चालू असताना त्या मागच्या पडवीत कांदा चिरत असतात. सगळ्यांना सामावून घेणारा कार्यक्रम म्हणायचा आणि त्यासाठी याच बायांची उपासना बुडवायची, हे मला पटत नाही. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने याच गोष्टीवर खडसावले होते: एकाच भोजनात कोणी उपाशी, कोणी पिऊन मस्त.

चूल

हे अगदी बरोबर धरलेत. उपाय आहे, पण तो पुरुषांनी पाळला तरच. वस्तीतल्या घरगुती प्रार्थनागटांना महिने वाटून द्यावेत. भाजी-डाळ शनिवारी संध्याकाळी निवडून, चिरून ठेवावी. डाळ सकाळी उपासनेआधीच शिजवावी. उपासनेच्या वेळात फक्त भात राहतो, त्याला दोन माणसे पुरतात आणि ती तरुण संघाची असावीत. भांडी पंचकमिटीने घासावी. जमिनीवरच्या पंगतीत गुडघे दुखणारी म्हातारी माणसे जेवत नाहीत, 'भूक नाही' म्हणून घरी जातात. बारा खुर्च्या आणि दोन टेबले त्याच ओळीत मांडा, कोपऱ्यात वेगळी नको.

पेटीवाले

जुने पंच म्हणतात माणसे रजिस्टरवर अडतात, उंबरा म्हणतात पायऱ्यांवर. आत आलेला माणूस कुठे अडतो तेही बघा. तो ऐकू न आल्यामुळे अडतो.

दगडी देवळाचे छप्पर उंच, पडदे-गालिचे नाहीत, आवाज घुमतो. कमिटी काय करते? पुढे दोन मोठे स्पीकर लावून आवाज वाढवते. घुमणे त्याने वाढतेच, आणि कानाला मशीन लावणाऱ्याला नुसता कल्लोळ ऐकू येतो. त्याऐवजी खांबांवर सहा-आठ छोटे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर, हळू आवाजात. गाताना पेटी माइकपासून दूर आणि तबल्याला माइक नकोच. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांत शब्द महत्त्वाचा, तो बुडाला तर उरते काय?

कर्णबधिरांसाठी दुभाषी आणायचा तर त्याला खिडकीसमोर उभे करू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, आणि सांकेतिक भाषेत पुष्कळ अर्थ चेहऱ्यावर असतो. कपडे एकरंगी हवेत. वीस-पंचवीस मिनिटांनी हात आणि डोके दोन्ही थकतात, म्हणून दुभाषी दोन हवेत. उपदेशाचा कच्चा मसुदा आणि गीतांचे क्रमांक त्यांना शनिवारीच द्या. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे, तिचे व्याकरण वेगळे. ओवी शब्दाला शब्द करून उतरत नाही, आधी अर्थ लावावा लागतो.

आता प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्याकडे पाळक सगळ्यांत शेवटी जातात. आधी जावे. लहान पेले असतील तर हात थरथरणाऱ्यासाठी अर्धेच भरा. द्राक्षरस घरी करणार असाल तर उकळून, गार करून फ्रिजमध्येच ठेवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर राहिला की आंबू लागतो, आणि दारू सोडलेल्या माणसाच्या हाती तो पेला जाता कामा नये. गहू न चालणाऱ्यांचाही विचार व्हावा. कॅथलिकांत गव्हाचीच भाकर लागते, मात्र कमी ग्लुटेनची चालते. आपल्याकडे तसे बंधन नाही आणि आपल्या बायबलात तर शब्दच 'भाकर' आहे; ज्वारीच्या भाकरीचा तुकडा वेगळ्या ताटलीत ठेवायला काय हरकत आहे?

जुना पंच

ज्वारीला माझी हरकत नाही. पण 'सर्वांसाठी' या शब्दाखाली प्रभुभोजनाचे टेबलच कोणालाही खुले करावे असे आता कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. बाप्तिस्मा आणि आत्मपरीक्षण यांशिवाय प्रभुभोजन नाही. ते मंडळीचे शिस्तीचे अंग आहे, त्याला अडसर म्हणू नये.

संडे स्कूल

टेबलाचा वाद बाजूला ठेवते, बाकांवर बोलते. गावाकडच्या कितीतरी मंडळ्यांत पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला बसतात. अंध नवऱ्याला बायकोने कुठे बसवायचे? मतिमंद मुलाला सांभाळणाऱ्या आईने त्याला वयाच्या बाराव्या वर्षी पलीकडे पाठवायचे का? आणि तृतीयपंथी व्यक्ती आली तर ती दारातच थबकते, कारण दोन्ही बाजूंच्या नजरा तिला 'इकडे नाही' सांगतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात कूशी (इथिओपियाचा) षंढ पाणी पाहून विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय? फिलिप्पाने त्याला अडवले नाही. मधल्या चार रांगा कुटुंबांच्या म्हणून मोकळ्या करा, तेवढ्याने यातल्या पुष्कळांचा प्रश्न सुटतो.

जुना पंच

रांगांची सूचना कमिटीपुढे ठेवण्यासारखी आहे. जुनी माणसे कुरकुरतील, पण त्यांच्या दोन बाजू तशाच राहतात म्हणून निभेल. बाप्तिस्मा मागणाऱ्याला लिंगावरून अडवू नये हेही मान्य. विवाहविधीचा प्रश्न कोणी यातच मिसळला तर मात्र माझा विरोध राहील, तो वेगळा विषय आहे.

संडे स्कूल

वेगळा नाही, पुढचा आहे. पण आज रांगांवर थांबते.

उंबरा

जुने पंच, ओलीचा मुद्दा पटला. जोत्याला न चिकटवता चार इंच फट सोडून लोखंडी चौकटीवर रॅम्प करता येतो. पाणी खालून निघून जाते, दगडाला खिळाही लागत नाही, आणि उद्या काढायचा झाला तर काढता येतो. फट वर मात्र पत्र्याने झाका, नाहीतर पुढचे छोटे चाक नेमके तिथे अडकते. परवानगीचा अर्जही असा केला तर सोपा जाईल असे वाटते.

आत खुर्ची मधल्या वाटेत उभी करू नका. दानार्पणाला सगळे तिला वळसा घालून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला एक बाक तीन फुटांनी आखूड करा, म्हणजे माणूस आपल्या घरच्यांशेजारी बसेल. खरी अडचण सुताराची नाही. प्रत्येक बाकावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पितळी पाटी असते, आणि ते घराणे बाकाला करवत लावू देत नाही. त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी स्वतः जावे, पत्र पाठवू नये. पाटी काढायचीच नाही, आखूड बाकाच्या टोकाला पुन्हा बसवायची. मोकळ्या तीन फुटांशेजारी ती बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल.