पहिला डाव हरायचाच असतो, तरी पोरं स्पर्धेला का जातात?

सातरस्ता_पालक: मुलगी ११ वर्षांची, अजून रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) नाही. सोलापुरातल्या ९ फेऱ्यांच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव घालायचं म्हणते. बक्षीस मिळणार नाही हे उघड आहे. मग लोकांना ओढ कसली?

तिरका_उंट: रेटिंगची, दुसरं काय! फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांतले जोडले जातात. मात्र पहिल्या स्पर्धेत भोपळा आला तर ती धरत नाहीत, म्हणून अर्ध्या गुणासाठीही पोरं जिवाचं रान करतात. पुढे १८ च्या आतल्यांचा के, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक, ४०: तोडीस तोड खेळाडूला हरवलं की २० वाढले, हरलं की २० गेले. चटक लागते ती इथेच.

प्यादं_पुढे: ताई, स्विस पद्धत, म्हणजे या स्पर्धांत जोड्या लावायची रीत, समजून घ्या. रेटिंगप्रमाणे क्रम लागतो; १०० खेळाडू असतील तर पहिल्या फेरीत १ नंबरसमोर ५१ वा. बिनरेटिंगची मुलं तळाला, त्यामुळे समोर तगडा गडी येणारच. नंतर समान गुणवाल्यांची गाठ पडते, तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून खरी लढत. दोन हरली म्हणून घरी नेऊ नका.

सातरस्ता_पालक: आणि न खेळणारे काय बघतात?

तिरका_उंट: आपली माणसं. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा महिला विश्वचषक जिंकली, तोवर हाती एकही ग्रँडमास्टर नॉर्म (त्या किताबासाठी एरवी स्पर्धांतून मिळवावा लागणारा टप्पा) नव्हता. थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला! बाकी, मुलीचा मोबाईल तुमच्याकडेच ठेवा. वाजला तर डाव गेला.