कॅन्सरला पाच लाखांचं कार्ड पुरतं का?

वाटसरू (धागा सुरू करणारा): माझ्या मते नाही. २०१८ मध्ये पाच लाखांचं कार्ड देणारी आयुष्मान भारत आली, महात्मा फुले योजना आपल्याकडे होतीच. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) यांचा खर्च त्यातून निघतो, हे मोठंच काम. पण कार्ड कामाला कधी येतं? रोग ठरल्यावर. तोंडातला पांढरा चट्टा दाखवायला तालुक्याला जा, तुकडा तपासायला द्या, रिपोर्टला परत या, मग सीटी स्कॅन. आयुष्मान दाखल होण्याआधीचे फक्त तीन दिवस धरते! म्हणून म्हणतो, विमा नको, व्यवस्था हवी. उपकेंद्रापासून परळच्या टाटापर्यंत एकच सरकारी साखळी.

हिशेबी: आणि ती ओढणार कोण? जिल्हा रुग्णालयात तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची जागा रिकामी, शेक द्यायचं मशीन आलंच तर चालवायला माणूस नाही. कार्डामुळे निदान खाजगी खाटा तरी गरिबाला मिळतात. तुमची साखळी उभी राहीपर्यंत पेशंटने काय करायचं?

लीड्सकर: इथली ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, म्हणजे नेमकी तशी साखळी. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, कॅन्सरच्या संशयावरून तातडीने पाठवलं की ६२ दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत, शंभरातल्या किमान ८५ जणांचे. इंग्लंडला हे वर्षानुवर्षं जमलेलं नाही. रांग आहेच. मात्र आतड्याच्या तपासणीचं किट न मागता टपालाने घरी येतं, आणि बिल कुणी हातात ठेवत नाही.

वाटसरू: रांग किती हे छापून तरी येतं ना! आपल्याकडे चट्टा दिसल्यापासून पहिल्या केमोपर्यंत किती दिवस गेले, हे कोणत्या योजनेच्या जाहिरातीत वाचलंत? आणि हिशेबी, प्रत्येक पायरीवर डॉक्टर लागतच नाही. टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून गर्भाशयमुखावर ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी करून घेतली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

हिशेबी: तो अभ्यास होता साहेब. मागे टाटाची माणसं, निधी, देखरेख. सरकारी कारभार बघायचा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ काढा. ३० ते ४९ वयाच्या बायकांत ही तपासणी एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही नाहीत. त्याच सरकारच्या हाती सगळी साखळी द्यायची?

वाटसरू: मग कुणाच्या? विमा कंपनी गावात येऊन तपासणी करणार आहे का?

आशा कार्यकर्ती, धाराशिव: दोघांनी ऐका जरा. तिशीच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म आम्हीच भरतो. तोंड उघडायला त्रास होतो का, स्तनात गाठ आहे का, अंगावरून पांढरं जातं का, समदं विचारतो. पुढं? उपकेंद्रात पडद्याआड झोपवायला टेबल नाही. बाईला दवाखान्यात न्यायचं तर तिची दिवसाची मजुरी बुडते. एकदा नेली अन् "मॅडम रजेवर, पुढच्या मंगळवारी या" ऐकलं, की ती परत यायची नाही, अन् शेजारणीलाही येऊ देत नाही. आमच्याच जिल्ह्यात एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू, त्याच्या तपासणीचा जगभर गाजलेला अभ्यास झाला. लाखावर बायका होत्या त्यात, आल्याच की!

हिशेबी: ताई, मान्य. पण टेबलाला आणि मॅडमच्या बदलीला लागणारा पैसा कार्डाच्या पैशातून काढायचा का? वाटसरूंनी एवढंच सांगावं.

वाटसरू: हो. थोडा काढावाच लागेल.

हिशेबी: मग आज ज्याची केमो अर्ध्यावर आहे, त्याला हे तुम्ही जाऊन सांगा.